निवडणाऱ्यांची निवड

माझी भाची एमबीएच्या पहिल्या वर्षानंतर दोन महिने मुंबईत एका मोठ्या बँकेच्या मनुष्यबळ विभागात इंटर्न होती. अर्ज चाळायचे, मुलाखतीच्या वेळा ठरवायच्या, कागदपत्रं तपासायची, हे तिचं काम. शिकायला भरपूर मिळालं, पैसे मात्र शून्य. खोलीभाडं, खानावळ, लोकलचा पास हे सगळं तिच्या अब्बांनी भरलं.

ती म्हणाली, "मामू, एका अर्जात शिक्षणात तीन वर्षांचा खंड होता. तो बाजूला पडणार होता. फोन केला तेव्हा कळलं, वडील वारल्यावर त्याने दुकान सांभाळलं होतं."

अप्रेंटिस म्हणून नोंद झाली, तर १९६१च्या कायद्याने विद्यावेतन मिळतं. नुसत्या इंटर्नला तो आधार नाही. म्हणजे दोन महिने मुंबईत राहणं ज्यांना परवडतं, तीच मुलं तिथे पोहोचणार आणि उद्या तीच इतरांचे अर्ज चाळणार. अडचणीत शिकलेल्यांचा खंड त्यांना कसा समजावा? रिक्षावाल्याची मुलगीही त्या टेबलामागे हवी. त्यासाठी बँकांनी निदान राहण्याखाण्यापुरते पैसे द्यावेत आणि आपल्या कॉलेजांनी विद्यार्थी पाठवण्याआधी तशी अट घालावी.