दोन नद्यांचा संगम लुआंग प्रबांगलाही आहे आणि बाळापूरलाही. मग रील फक्त तिकडचेच का येतात?

मोबाईल उघडला की हल्ली एक रील हमखास दिसतं. पहाटेची वेळ, नदीवर धुकं, केशरी वस्त्रातल्या भिक्खूंची रांग आणि रस्त्याच्या कडेला बसून त्यांना भात वाढणारी माणसं. खाली नाव असतं लुआंग प्रबांग, लाओस. पुढचं रील व्हिएतनामच्या होई आनचं, नदीत सोडलेले दिवे आणि रंगीत आकाशकंदील. त्याच्या पुढचं थायलंडच्या अयुथयाचं.

थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाची अट काढली आणि अकोला-अमरावतीच्या ट्रॅव्हल एजंटांच्या पाट्यांवर बँकॉक-पट्टाया ठळक झालं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईसाठी प्रवासी विमान सुरू झालं. आता सकाळी वऱ्हाडात चहा पिऊन निघालेला माणूस मुंबईमार्गे पुढचा प्रवास धरू शकतो.

पण विमानात बसणारे येतात तसे विमानातून उतरणारेही असतात. ते उतरून वऱ्हाडात काय बघणार? हा प्रश्न कुणालाही विचारा. चिखलदरा, मेळघाट, शेगाव अशी तीन नावं लगेच येतात. "आणि बाळापूर?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "तिथं काय पाह्यचं हाय?"

याच प्रश्नाचं उत्तर आज बघूया.

आधी बाळापुरात आहे तरी काय?

अकोल्याहून खामगावकडे जाताना पंचवीसेक किलोमीटरवर बाळापूर लागतं. मन आणि म्हैस या दोन नद्या इथे एकत्र येतात. दोन्ही नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर विटांचा भक्कम किल्ला उभा आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने त्याचं काम सुरू केलं आणि एलिचपूरचा, म्हणजे आजच्या अचलपूरचा, नवाब इस्माईल खान याने १७५७ मध्ये ते पूर्ण केलं, असं जुनं गॅझेटियर सांगतं. पावसाळ्यात दोन्ही नद्या भरल्या की किल्ल्याला जमिनीची वाट एकाच बाजूने उरायची, अशीही नोंद आहे.

किल्ल्याच्या पायथ्याशी बाळादेवीचं मंदिर आहे. गावाचं नाव तिच्यावरूनच पडलं. गावात नक्षबंदी सूफी परंपरेची जुनी खानकाह आहे. आणि नदीकाठी आहे मिर्झाराजे जयसिंगांची छत्री.

हे तेच जयसिंग, ज्यांच्याशी शिवाजी महाराजांनी १६६५ मध्ये पुरंदरचा तह केला. दोनच वर्षांनी बुऱ्हाणपूरला त्यांचा मृत्यू झाला. दख्खनच्या मोहिमेतला हा माणूस वऱ्हाडात नदीच्या काठावर ३३ फूट उंचीची देखणी दगडी छत्री मागे ठेवून गेला. एकेकाळी पुराने या छत्रीचा पायाच खचवला होता आणि नंतर तो पुन्हा बांधावा लागला.

ऑगस्ट १७२० मध्ये याच बाळापूरजवळ निजाम-उल-मुल्कने सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अली खान याचा पराभव केला. चार वर्षांनी, १७२४ मध्ये, साखरखेर्ड्याच्या लढाईत त्याने मुबारीज खानाला हरवलं. साखरखेर्डा आज बुलढाणा जिल्ह्यात आहे. म्हणजे हैदराबादच्या निजामशाहीचा पाया ज्या दोन लढायांनी घातला, त्या दोन्ही वऱ्हाडात झाल्या.

एवढी गोष्ट एका गावाकडे असेल तर तिथे "पाह्यचं काय" हा प्रश्न खरं तर पडायला नको.

आता लुआंग प्रबांग बघा

मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या संगमावरचं हे छोटं शहर. चौदाव्या शतकापासून लान सांग राज्याची राजधानी. संगमाच्या टोकाशी सोळाव्या शतकातलं वाट शिएंग थोंग हे मंदिर. पुढे फ्रेंच आले, त्यांनी आपल्या पद्धतीची घरं बांधली. मग युद्धं आणि गरिबी. विसाव्या शतकाच्या शेवटी हे शहर मोडकळीला आलेलंच होतं.

डिसेंबर १९९५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. यादीत फक्त मंदिर गेलं नाही, अख्खं गाव गेलं. लाकडी घरं, फ्रेंच बंगले, गल्ल्या, गावातली तळी, नदीचा काठ, सगळं.

मग स्थानिक पातळीवर 'वारसा घर' नावाचं कार्यालय उभं राहिलं. फ्रान्समधल्या शिनों या छोट्या शहराने त्याला मदत केली. कुणाला घराचं छप्पर बदलायचं, मजला चढवायचा, भिंत पाडायची, तर नियम ठरलेले आणि विचारायची जागाही ठरलेली.

होई आनने दुसरी युक्ती केली. जुन्या गावात फिरणाऱ्यांसाठी तिकीट ठेवलं आणि त्याचा पैसा जुन्या घरांच्या दुरुस्तीला वळवला. थू बोन नदी तिथे जवळपास दरवर्षी घरात शिरते, म्हणून दुरुस्ती हा कायमचाच खर्च आहे.

मग आपल्याकडे अडलं कुठे?

पहिलं कारण कायद्याच्या नजरेत आहे. आपला १९५८ चा पुरातत्त्व कायदा प्रामुख्याने वास्तू आणि पुरातत्त्वीय स्थळं बघतो. संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीने, ही तरतूद २०१० मध्ये कायद्यात आली. नियम चांगला आहे. पण तो "हे करू नका" एवढंच सांगतो. शेजारच्या जुन्या वाड्याच्या मालकाने गळकं छप्पर कसं दुरुस्त करायचं, पैसे कुठून आणायचे, याचं उत्तर त्यात नाही. मग मालक कंटाळून वाडा पडू देतो. छत्री उरते आणि छत्रीभोवतीचं गाव हरवतं.

दुसरं कारण वऱ्हाडाच्या इतिहासाचं. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले ११ महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. वऱ्हाडातला एकही नाही. यात कुणी डावललं असं म्हणता येत नाही, कारण ती यादी शिवकालीन आणि मराठा किल्ल्यांच्या साखळीची होती. आपला इतिहास वेगळ्या वळणाने गेला. बहमनी, अचलपूरची इमादशाही, मुघल, निजाम, नागपूरकर भोसले आणि मग इंग्रज. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने गाविलगड जिंकला, त्याच्या आधी पंधरवडाभर आडगावची लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध लढला.

ही गोष्ट एका राजाची नाही आणि एका धर्माचीही नाही. त्यामुळे तिला हक्काने "आपली" म्हणणारं एक नेतृत्व मिळालं नाही. बाळापुरात देवीचं मंदिर, खानकाह, राजपूत राजाची छत्री आणि नवाबाचा किल्ला एका गावात आहेत. लुआंग प्रबांगला मंदिर आणि फ्रेंच बंगला एकत्र बघायला जग जातं. आपण मात्र कोणती वास्तू कुणाची, यातच अडकतो.

तिसरं कारण नदी.

नदीशिवाय नदीकाठचं शहर?

मन काय, अकोल्याची मोर्णा काय, दोन्ही पूर्णेला मिळतात आणि पूर्णा तापीला. मेकाँगसारखं बारमाही पाणी यांना नाही, हे मान्यच. पण उन्हाळ्यात कोरडी पडणं वेगळं आणि सांडपाण्याने वाहणं वेगळं. पहिलं वऱ्हाडाच्या हवामानाने येतं. दुसरं आपण करतो.

जानेवारी २०१८ मध्ये अकोलेकरांनी एक गोष्ट करून दाखवली होती. मोर्णा स्वच्छतेसाठी हजारो लोक पात्रात उतरले, जलपर्णी काढली. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. याच मोर्णेच्या काठी असदगड आहे, औरंगजेबाचा वजीर असद खान याच्या नावाचा. म्हणजे अकोल्याचा किल्ला आणि नदी जोडून बघण्याची संधी हाताशी आली होती.

पण जलपर्णी वाढते ती सांडपाण्यातल्या पोषक द्रव्यांवर. नाले नदीत सोडणं चालू राहिलं तर काढलेली जलपर्णी पुन्हा येणार. श्रमदानाने पात्र साफ होतं, ते साफ ठेवायला मलनिस्सारण लागतं. त्याचं रील होत नाही, पण खरं काम तेच.

रस्ता नाही, हॉटेल नाही, म्हणून लोक येत नाहीत का?

हे कारण आता फारसं टिकत नाही. अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर साडेचार दिवसांच्या आत टाकून गिनीज विक्रम झाला होता. अकोला मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आहे. विमानतळ अमरावतीत सुरू झालाय.

आणि लोक येतातच की! बाळापूरहून तासाभराच्या आत शेगाव आहे. गजानन महाराजांच्या दर्शनाला वर्षभर लाखो भाविक येतात. त्यातले कितीतरी अकोल्याकडून येताना बाळापूरच्या दारावरून जातात. ते गाडी थांबवत नाहीत, एवढंच.

म्हणून बाळापूरला नवे पर्यटक आणायची गरज नाही. जाणाऱ्यांना दोन तास थांबवायची गरज आहे. दोन तासांसाठी पंचतारांकित काही लागत नाही. स्वच्छ स्वच्छतागृह, वाहनतळ, छत्रीपर्यंत पायवाट, मराठीत नीट लिहिलेला फलक आणि गोष्ट सांगणारा गावातलाच एखादा तरुण. बाहेर कढी-आलूबोंड्याची गाडी लागायला सरकारी योजना लागत नाही, माणसं थांबायला लागली की ती आपोआप लागते.

पण लुआंग प्रबांगसारखं झालं तर चांगलंच होईल ना?

थांबा, इथेच सावध व्हायला हवं.

लुआंग प्रबांगमध्ये घरांच्या किमती आणि भाडी वाढली. जुन्या गावातल्या अनेक कुटुंबांनी घरं गेस्टहाऊससाठी दिली आणि स्वतः बाहेर राहायला गेली. पहाटे भिक्खूंना भात वाढणारी शेजारची कुटुंबंच कमी झाली. त्यांच्या जागी कॅमेरा घेतलेले पर्यटक बसले. डिसेंबर २०२१ मध्ये चीनला जोडणारी रेल्वे सुरू झाल्यावर गर्दीचा ताण आणखी वाढला. शहराच्या वरच्या अंगाला मेकाँगवर होत असलेल्या धरणाची चिंता वेगळीच.

वारसा वाचला, पण वारसा जगणारी माणसं हलली. बाळापूर किंवा अचलपूरच्या जुन्या वस्तीतला विणकर, सुतार, छोटा दुकानदार हा त्या गावाचा भाग आहे. "सुशोभीकरण" म्हणत नदीकाठची त्याचीच वस्ती उठवली, पेव्हर ब्लॉक टाकले आणि सेल्फी पॉइंट उभा केला, तर आपण तिकडची चूक तिकडची कमाई न मिळवताच करू.

मग करायचं कुणी आणि काय?

नगर परिषदेच्या हातात दोन गोष्टी आहेत. नदीत जाणारे नाले अडवणं आणि जुन्या घरांची यादी करणं. यादीच नसेल तर काय पडलं हेही कळत नाही.

राज्य सरकारच्या हातात सर्किट आहे. शेगाव, बाळापूर, अकोल्याचा असदगड, नरनाळा, अचलपूरचा हौज कटोरा, गाविलगड, चिखलदरा. सगळी ठिकाणं दोन-तीन दिवसांत होतात. मूर्तिजापूर-अचलपूर ही 'शकुंतला'ची नॅरोगेज लाइन सुरू असती तर हा प्रवासच एक आकर्षण ठरला असता. आता ब्रॉडगेजची मागणी आहे आणि स्थानिकांसाठी ती रास्त आहे. पण जुनी स्टेशनं आणि एखादा तुकडा वारसा म्हणून ठेवायला त्याची आडकाठी नाही.

केंद्राची वास्तू दत्तक योजना आहे, २०२३ मध्ये तिचं नवं रूप आलं. कंपन्या त्यात ताजमहालासारख्या नावांकडे आधी बघतात. लहान गावाची वास्तू पुढे करायला आमदार-खासदारांनी पाठपुरावा करावा लागतो.

आणि आपल्या हातात काय? पुढच्या वेळी शेगावला जाताना गाडी बाळापुरात वळवणं. छत्रीवर नाव न कोरणं. एक रील आपल्या संगमाचंही टाकणं, आणि त्यात नदी जशी आहे तशी दाखवणं. फिल्टर लावून दाखवलेल्या नदीचे नाले कुणी बंद करत नाही.

पावसाळ्यात मन आणि म्हैस भरून वाहतात तेव्हा किल्ल्याचं दृश्य बघायला पासपोर्ट लागत नाही. तुम्ही बाळापूरच्या छत्रीपर्यंत कधी गेला आहात का? गेला असाल तर तिथे काय दिसलं आणि काय खटकलं, ते कमेंटमध्ये नक्की सांगा.