उसने पंख

फ्रान्सकडून नौदलासाठी २६ राफेल-मरीन विमाने विकत घेण्याच्या करारावर २८ एप्रिल २०२५ रोजी सह्या झाल्या, तेव्हा त्याचे सर्वत्र स्वागत झाले. आम्हीही ते करतो. तथापि या स्वागताच्या गजरात एक जुना प्रश्न बुडून जाऊ नये असे आम्हांस वाटते. आणि तो विचारावयाचा तर आपल्या नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचा इतिहास नजरेखालून घातला पाहिजे.

‘व्हाइट टायगर्स’, म्हणजे पांढरे वाघ, हे तिचे नाव. जुलै १९६० मध्ये वेल्समधील ब्रॉडी येथे ती स्थापन झाली, ती सी हॉक विमानांनिशी. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश नौदलाने सी हॉक उडविणारी आपली शेवटची आघाडीची तुकडी मोडीत काढली! यजमान ताटावरून उठत असता पाहुण्याने पाटावर बसावे, तशातला हा प्रकार. परंतु आपल्या वैमानिकांनी त्याबद्दल कुरकुर केली नाही. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी ‘विक्रांत’वर पहिले जेट विमान उतरविले, पुढे हेच ताहिलियानी नौदलप्रमुख झाले. खालीवर होणाऱ्या डेकवर, आडव्या ताणलेल्या तारेत विमानाचा आकडा अडकवून क्षणार्धात थांबावयाचे, ही विद्या पैसे मोजून विकत मिळत नाही.

१९६५ च्या युद्धात ‘विक्रांत’ मुंबईच्या गोदीत दुरुस्तीसाठी पडून होती. त्या वेळी ऐकावी लागलेली टीका नौदलाच्या मनात सहा वर्षे सलत राहिली असल्यास नवल नाही. १९७१ साली तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला, वेग त्यामुळे मंदावलेला. आणि जहाजाच्या वेगाने मिळणाऱ्या समोरच्या वाऱ्यावरच तर विमानांचे उड्डाण अवलंबून! तरीही कॅप्टन स्वराज प्रकाश यांनी ती बंगालच्या उपसागरात नेली. ४ डिसेंबरपासून लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली सी हॉक विमानांनी कॉक्स बझार व चितगाव येथील धावपट्ट्या आणि बंदर यांवर हल्ले चढविले. दोघांनाही महावीर चक्र मिळाले, ते यथार्थच होय.

डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याच्या दाबोळीस सी हॅरिअर उतरली. अरुण प्रकाश हे तेव्हा स्क्वॉड्रनचे प्रमुख; पुढे तेही नौदलप्रमुखपदी पोहोचले. या वेळी विमान मात्र खरोखरच नवे होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण ब्रिटनने आपली सी हॅरिअर २००६ साली निवृत्त केली आणि आपण ती मे २०१६ पर्यंत उडवीत राहिलो. निम्म्याहून अधिक विमाने या काळात अपघातांत गेली. त्यांत वैमानिकही गेले, आणि त्यांतील बहुतेक शत्रूशी लढताना नव्हे, नित्याच्या सरावात गेले. ज्या यंत्राचा कारखाना थंडावला आहे त्याचे सुटे भाग मिळविताना काय यातायात होते, हे साधी जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थासही ठाऊक असते.

त्यानंतर तुकडीच्या वाट्यास रशियाची मिग-२९ के आली. तिची उड्डाणसिद्धता ३८ टक्क्यांच्याही वर जात नव्हती, असे महालेखापरीक्षकांच्या अहवालाने २०१६ सालीच नोंदविले. आता तिच्या मागोमाग राफेल येईल. म्हणजे पासष्ट वर्षांत ब्रिटन, रशिया आणि फ्रान्स अशी तीन दारे आपण झिजविली.

याच अवधीत जहाजबांधणीत आपण कोठल्या कोठे गेलो! जुनी ‘विक्रांत’ बेलफास्टहून आली होती. तिला मुंबईच्या दारुखान्यात २०१४ साली तोडताना या शहराने हळहळण्यापलीकडे फारसे काही केले नाही, ही गोष्ट वेगळी. नवी ‘विक्रांत’ कोचीत बांधली गेली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. मग जहाज बांधणाऱ्या देशास त्यावरचे विमान का बांधता येऊ नये? हलक्या लढाऊ विमानाची नौदलासाठीची प्रायोगिक आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये ‘विक्रमादित्य’वर यशस्वीपणे उतरली होती. एक इंजिन आपल्या गरजेस अपुरे आहे असे नौदलाचे म्हणणे पडले, म्हणून दोन इंजिनांच्या विमानाची योजना पुढे आली. ती योजना योग्यच आहे. आमचे मागणे एवढेच की, त्या विमानाचे पहिले उड्डाण कोणत्या वर्षी होणार, त्यासाठी दरसाल किती रक्कम राखून ठेवणार आणि इंजिन कोठून आणणार, हे सरकारने संसदेपुढे स्पष्ट शब्दांत मांडावे. आणि दरवर्षी त्याचा हिशेबही द्यावा.