घर विकले, पण मुदतीचे काय?

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे या नगरांतून आपल्या वाडवडिलांनी बांधलेली घरे अजून पुष्कळ उभी आहेत. माडीवर मालक, खाली दोन-तीन बिऱ्हाडे आणि त्या भाड्यावर वृद्धांचा निर्वाह, ही त्यांची जुनी रीत. पुढे छप्पर गळू लागते, डागडुजी परवडत नाही, मुले परगावी स्थिरावतात. मग जुने घर विकावे आणि नव्या वस्तीत चांगल्या भाड्याचा ब्लॉक घ्यावा, असा विचार होतो. विचार योग्यच आहे. परंतु विक्री आणि खरेदी यांच्यामधला काळ फार जपावा लागतो.

आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये असे घर विकले आणि मार्च २०२४ मध्ये ब्लॉक घेतला. दोन वर्षांच्या आत घर घेतले, आता कराची चिंता नाही, अशा समाधानात ते होते. मधल्या काळात मात्र पैसा साध्या बचत खात्यात पडून होता. त्यांची सवलत नाकारली गेली आणि प्रकरण अपिलात गेले. ज्या भाड्यावर उभयतांचे म्हातारपण निभावायचे, त्यातूनच आता वकिलाची फी जाते.

चूक कोठे झाली? १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम ५४ सांगते की, चोवीस महिन्यांहून अधिक काळ मालकीचे असलेले राहते किंवा भाड्याने दिलेले निवासी घर विकून होणारा भांडवली नफा भारतातील दुसऱ्या निवासी घरात घातला, तर तेवढ्यावर कर नाही. खरेदी विक्रीपूर्वी एक वर्षात किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत व्हावी. बांधायचे असल्यास तीन वर्षे मिळतात. परंतु विवरणपत्र भरण्याच्या तारखेपर्यंत जी रक्कम खर्ची पडली नसेल, ती प्राधिकृत बँकेत ‘भांडवली नफा खाते योजना, १९८८’ या योजनेखाली ठेवावी लागते. आमच्या स्नेह्यांसाठी ती तारीख ३१ जुलै २०२३ होती. मोठी मुदत त्यांनी पाळली, धाकटी विसरली.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले असले, तरी ही सवलत कायम आहे.

आता हिशेब पाहू. घर २००१ पूर्वीचे असेल, तर १ एप्रिल २००१ चे वाजवी मूल्य मूळ किंमत म्हणून धरता येते. समजा ते १२ लाख ठरले आणि विक्री ९२ लाखांना झाली. नफा ८० लाख. साडेबारा टक्क्यांनी कर १० लाख, अधिभार व उपकर वेगळे. नवे घर ८० लाखांचे किंवा अधिक किमतीचे घेतल्यास कर शून्य. ६० लाखांचे घेतल्यास उरलेल्या २० लाखांवर अडीच लाख. नफा दोन कोटींच्या आत असेल, तर आयुष्यात एकदा दोन घरे घेण्याचीही मुभा आहे.

नवे घर तीन वर्षांच्या आत विकू नये. विकल्यास पूर्वी सोडलेला नफा त्याच्या खरेदी किमतीतून वजा धरतात आणि टळलेला कर पुन्हा दारी येतो. म्हणून पहिली तीन वर्षे ही सवलत उधारीच समजावी. घर घ्यायचेच नसल्यास सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी रोख्यांत ५० लाखांपर्यंत नफा गुंतवता येतो. तो पैसा पाच वर्षे अडकतो. दुकानाच्या गाळ्याला मात्र हे कलम लागू नाही. त्याचे नियम निराळे.

भावंडांचे घर असेल, तर प्रत्येकाच्या हिश्शाचा नफा आणि सवलत स्वतंत्र असते. थोरल्याने सर्वांच्या वतीने एकच ब्लॉक आपल्या नावावर घेतला, तर धाकट्यांचा कर टळत नाही. मायेपोटी मुलाच्या नावे घर घेणारेही अडचणीत येतात. घर विक्रेत्याच्याच नावे घ्यावे.

तेव्हा वाचकहो, इसार घेण्यापूर्वीच जाणत्या कर-सल्लागाराला कागद दाखवावेत आणि विक्रीच्या दिवशी या सर्व तारखा घरातील पंचांगावर लिहून ठेवाव्यात. वाडवडिलांनी जमविलेले आपण विकतो, तेव्हा निदान त्याचे मोल पुढल्या पिढीपर्यंत अखंड पोचावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.