उडी मोजणारी सेन्सर मॅट घ्यायची का? आधी हे वाचा



"मॅडम, ती सेन्सरवाली मॅट घेऊन खेळाडूंच्या टेस्टिंगचा धंदा करता येईल का?" हा प्रश्न मला हल्ली सारखा येतोय. कुणी रील बघितलेली असते. मुलगा मॅटवर उडी मारतो, मोबाईलवर आकडा येतो, आजूबाजूचे टाळ्या वाजवतात. दिसायला भारीच आहे. माझं स्वतःचं स्पोर्ट्सचं दुकान आहे, अकॅडमीवाले आणि पालक रोज काउंटरवर येतात, त्यामुळे या विषयावर माझं मत पक्कं आहे आणि ते आधीच सांगून टाकते.

धंदा होऊ शकतो. पण मशीन म्हणजे धंदा नाही. आणि मशीनचा आकडा दाखवून पालकांना मुलाचं भविष्य विकणार असाल, तर कृपा करून या लाईनमध्ये येऊच नका.

आता एकेक मुद्दा घेऊ.

मॅट नेमकं करते काय?

बऱ्याच जणांना वाटतं की मॅट ताकद मोजते. साधी मॅट ताकद मोजत नाही. ती वेळ मोजते. घराच्या दिव्याचं बटण असतं ना, तसंच हे. पाय मॅटवर असेल तर सर्किट चालू, पाय उचलला की बंद. म्हणजे मॅटला फक्त एवढंच कळतं की पाय किती सेकंद हवेत होते. त्यावरून उंची काढतात. सूत्र सोपं आहे: हवेतल्या वेळेचा वर्ग करा, 9.81 ने गुणा आणि 8 ने भागा. अर्धा सेकंद हवेत असलेला खेळाडू साधारण 31 सेंटिमीटर उडाला.

ही पद्धत काही काल-परवाची नाही. कार्मेलो बॉस्को या इटालियन संशोधकाने 1980 च्या दशकात अशा उड्यांच्या चाचण्या बसवल्या. आजही जगभर 'बॉस्को टेस्ट' हे नाव चालतं. त्याच्याही आधी, 1921 मध्ये डडली सार्जंट यांनी उभ्या उडीची चाचणी मांडली होती. भिंतीजवळ उभं राहायचं, बोटाला खडू लावायचा, उडी मारून खूण करायची आणि टेपने मोजायचं. खर्च खडूचा.

मॅटच्या वरची पायरी म्हणजे फोर्स प्लेट. ती जमिनीवर पडणारा जोर सेकंदाला साधारण हजार वेळा मोजते. दोन प्लेट असतील तर डाव्या-उजव्या पायाचा फरकही कळतो. मोठ्या टीम आणि संशोधन संस्था ती वापरतात. तिची किंमत लाखांत जाते. गिऱ्हाईक विचारेल, "ताई, याने माझ्या मुलाच्या कुठल्या पायात ताकद कमी आहे ते कळेल का?" साधी मॅट असेल तर उत्तर "नाही" असंच द्या. इथे "हो हो, कळतं की" म्हणणारे लोकच आख्ख्या धंद्याचं नाव घालवतात.

आकडा कुठे फसतो?

मॅटला फक्त वेळ कळते हे लक्षात ठेवा. मग खेळाडूने खाली येताना गुडघे वाकवले तर काय होईल? पाय उशिरा टेकेल. 0.50 सेकंदाचे 0.55 सेकंद झाले की 31 सेंटिमीटरची उडी थेट 37 सेंटिमीटर दिसते. सहा सेंटिमीटर प्रगती, एक दिवसही व्यायाम न करता! हुशार पोरांना ही युक्ती दुसऱ्याच उडीत कळते.

म्हणून नियम ठरवून घ्या. हात कमरेवर, पाय सरळ ठेवून पंजावर उतरायचं. तीन उड्या, मध्ये विश्रांती. प्रत्येक वेळी तोच वॉर्मअप, तसेच बूट, तशीच कडक फरशी, शक्यतो दिवसाची तीच वेळ. मातीच्या ग्राउंडवर एकदा आणि हॉलच्या फरशीवर एकदा मोजून तुलना करायची नाही. हे नियम कागदावर छापून भिंतीला लावा. तुम्ही विकताय तो माल म्हणजे हे नियम आहेत. मॅट तर काय, पैसे असले की कुणीही आणेल.

तुमचं गिऱ्हाईक कोण?

आपल्याकडे अकॅडमी म्हटलं की सगळ्यात जास्त गर्दी भरतीच्या पोरा-पोरींची. तुम्हाला वाटेल, हेच मोठं मार्केट! जरा थांबा. पोलीस शिपाई भरतीच्या 50 मार्कांच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक असते. मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. यात उभी उडी कुठेच नाही. त्या पोराला चांगला स्टॉपवॉच, नीट मोजलेला ट्रॅक आणि योग्य वजनाचा गोळा हवा. त्याला मॅटवर उभं करून पैसे घेणं म्हणजे डोळ्याच्या पेशंटला दाताची कवळी विकणं.

मग मॅट कुणाच्या कामाची? व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, बॅडमिंटन, लांब उडी आणि उंच उडी करणाऱ्यांच्या. कबड्डी-खोखोच्या कोचलाही ती उपयोगी पडते, पण वेगळ्या कारणासाठी. खेळाडू नेहमी 38 सेंटिमीटर उडतो आणि आज वॉर्मअप करूनही 34 वरच अडकलाय, तर पाय थकलेले असू शकतात. मग कोच त्या दिवशी सराव हलका ठेवू शकतो. आकड्यामुळे कोचने उद्याचं काहीतरी बदललं, तर त्या आकड्याला किंमत. नाहीतर तो नुसता व्हॉट्सॲप स्टेटस.

आता हिशेब

बीबीएला ब्रेक इव्हन शिकवतात तेव्हा वर्गात सगळे झोपलेले असतात. पण खरं काम तिथेच आहे. खालचे आकडे समजायला घेतलेत, तुमच्या गावचे तुम्ही टाका.

समजा मॅट, कुरिअर, टॅक्स, टॅबलेट सगळं धरून 40,000 रुपये लागले. एका अकॅडमीत 30 खेळाडू. एका टेस्टचे 150 रुपये, म्हणजे एका फेरीचे 4,500. मदतनीस, पेट्रोल आणि रिपोर्टची प्रिंट मिळून 1,000 गेले. हातात 3,500. म्हणजे मॅटचे पैसे सुटायला 12 फेऱ्या.

दर सहा आठवड्यांनी एक फेरी धरली तर एका अकॅडमीत वर्षाला 8 फेऱ्या होतात. एकाच अकॅडमीच्या भरवशावर राहिलात तर दीड वर्ष नुसती मॅटच फिटतेय. तीन अकॅडमी धरल्या तर वर्षाला 24 फेऱ्या, 84,000 रुपये. त्यातून मॅट वजा केली तर पहिल्या वर्षी 44,000 उरतात. महिन्याला साधारण 3,700. आणि खेळाडूमागे पाच मिनिटं धरली तरी 30 जणांना अडीच तास, वर जाणं-येणं आणि रिपोर्ट. म्हणजे एका फेरीला तुमचा अख्खा दिवस गेला.

यातून काय दिसतं? हा जोडधंदा आहे. आधीच जिम, अकॅडमी, फिजिओचं क्लिनिक किंवा माझ्यासारखं स्पोर्ट्सचं दुकान असेल तर छान जमतो. टेस्टला आलेला खेळाडू बूटही घेतो, ट्रेनिंगही घेतो. पण नोकरी सोडून, कर्ज काढून फक्त यावर घर चालवायचं म्हणत असाल, तर माझा सल्ला स्पष्ट "नको" असा आहे. फोर्स प्लेटचं तर विचारूच नका. समजा ती 6 लाखांना पडली, तर याच दराने 172 फेऱ्या, म्हणजे सात वर्षं. तोपर्यंत हप्ता थांबत नाही.

'टॅलेंट टेस्ट' हा सापळा आहे

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. काही जण असं पॅकेज विकतात: "एकदा टेस्ट करा, तुमच्या मुलामध्ये खेळाडू आहे की नाही ते सांगतो." ऐकायला गोड वाटतं आणि पटकन खपतं. पण 12-13 वर्षांच्या मुलीची एक उडी बघून ती पुढे खेळाडू होईल की नाही, हे कुठलीही मॅट सांगू शकत नाही. एकाच वर्गातली दोन मुलं घ्या. एकाची उंची आधीच वाढलेली असते, दुसऱ्याची दोन वर्षांनी वाढते. आज कमी उडणारा उद्या पुढे जाऊ शकतो.

उलटही खरं आहे. 14 वर्षांच्या मुलाची उडी वर्षभरात वाढली, तर त्यातला मोठा भाग नुसत्या वाढत्या वयाचा असू शकतो. "आमच्या ट्रेनिंगने 20 टक्के वाढ" असं बॅनरवर छापण्याआधी हा विचार करा.

रोजंदारीवर जाणारी आई पोरीसाठी पाचशे रुपये काढून देते, तेव्हा ती आकडा विकत घेत नसते. ती तुमच्या शब्दावर विश्वास ठेवत असते. "हिची उडी कमी आहे, खेळात काही होणार नाही" या तुमच्या एका वाक्याने त्या पोरीचं ग्राउंड सुटू शकतं. आणि "हिच्यात नॅशनल लेव्हल आहे" या वाक्याने त्या घरावर कर्ज होऊ शकतं. एवढी ताकद चाळीस हजारांच्या मॅटला नसते, पण समोरच्याला ती वाटते. म्हणून रिपोर्टवर मोठ्या अक्षरात छापा: ही तुलना तुमची तुमच्याशीच आहे, मागच्या वेळेपेक्षा आज काय. मुलांची क्रमवारी भिंतीवर लावू नका.

शिवाय आकडे पोरांचे आहेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. सही घ्या, फाईल नीट ठेवा, आणि मुलांचे आकडे न विचारता रीलमध्ये टाकू नका.

मग सुरुवात कुठून?

मोबाईलपासून. तुमच्या फोनमध्ये 240 फ्रेमचा स्लो मोशन असेल तर पाय सुटल्यापासून टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा. 120 फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद. याच कल्पनेवर 2015 च्या सुमारास 'माय जंप' नावाचं ॲप आलं. बार्सिलोनाच्या 'क्रोनोजंप' प्रकल्पाचं सॉफ्टवेअर तर मोफत आणि खुलं आहे.

ओळखीच्या एका कोचकडे जा. दहा खेळाडू घ्या. नियम पाळून मोजा, सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा, प्रत्येकाचा एक पानी रिपोर्ट द्या. मग कोचला दोनच प्रश्न विचारा. या आकड्यांमुळे तुम्ही सरावात काय बदललंत? आणि पुढच्या वेळी याचे पैसे द्याल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट आलं आणि दुसऱ्याचं "हो" आलं, तर मॅट बघा. अशा तीन अकॅडमी मिळाल्या तर बिनधास्त घ्या. घेताना वॉरंटी आणि दुरुस्ती इथे होते का, ते आधी विचारा. घेतल्यावर घडी घालून स्कूटीच्या डिकीत कोंबू नका.

आणि एकही कोच पैसे द्यायला तयार झाला नाही, तर तुमचे 40,000 वाचले. धंद्यात वाचलेला पैसा हीसुद्धा कमाईच असते.

तुमच्या गावातल्या अकॅडमीचे आकडे टाकून हिशेब एका कागदावर मांडा आणि मला पाठवा. पुढच्या व्हिडिओत त्यातले दोन-तीन हिशेब आपण एकत्र तपासू.