चांदीचे ताट कोणाचे?

माणदेशातील लग्नमंडपात रुखवताच्या मांडणीत आता चांदीचे ताट, वाट्या, तांब्या, अत्तरदाणी, गुलाबदाणी हवीच, असा दंडक होऊ पाहत आहे. वऱ्हाडी मंडळी मुलीचे शिक्षण विचारीत नाहीत. ताटाचे वजन विचारतात. पुढे ही भांडी काचेच्या कपाटात जातात आणि जावई आला म्हणजे बाहेर निघतात. त्या ताटात पुरुष जेवतो. ते घासून लखलखीत करणारी सून मात्र सर्वांच्या मागून, स्टीलच्या ताटलीत, उरलेले खाते.

अडीअडचणीला चांदी कामी येते, असा बचाव केला जातो. हा बचाव लटका आहे. मोड देताना सराफ धातूचे मोल देतो. घडणावळ बुडते, घट वजा होते. बापाने काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र कधी बुडत नाही.

हे आम्हांला दुसऱ्याने शिकवावयास नको. माण, खटाव, आटपाडी, खानापूर या दुष्काळी तालुक्यांतील तरुण पोटासाठी देशभर गलाईच्या भट्ट्यांवर गेले. 961 अंश सेल्सिअसला वितळणारी चांदी ओतताना, नत्राम्लाचा तांबूस धूर छातीत घेताना त्यांनी पाहिले आहे, की मुशीत पडलेल्या ताटाची प्रतिष्ठा जळून जाते, वजन तेवढे उरते. तरीही गावी परतल्यावर त्याच भावाला बहिणीच्या रुखवतासाठी तसलेच ताट विकत घ्यावे लागते!

खरा प्रश्न मालकीचा आहे. हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 14 ने स्त्रीला आपल्या मालमत्तेची पूर्ण स्वामिनी मानले. प्रतिभा राणी खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन पत्नीचेच, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या नियमांनी लग्नातील भेटींची लेखी यादी करून तिच्यावर वधूवरांच्या सह्या घेण्यास सांगितले. आणि मागून घेतलेली भेट ही 1961 च्या कायद्याने हुंडाच ठरते.

पण अशी यादी किती मंडपांत होते? आपल्या कार्यकर्त्यांच्या घरी तरी होते काय? समतेची भाषणे करून घरच्या लग्नात चांदी मांडणाऱ्याने आधी आपले कपाट उघडावे. या लग्नसराईत प्रत्येक कार्यकर्त्याने दोन गोष्टी कराव्यात: स्वतः चांदी मागू नये, आणि जिथे ती आलीच असेल तिथे यादी लिहून सुनेच्या हाती द्यावी. घरातील ताट वाटून घेता येत नसेल, तर जमीन वाटण्याच्या घोषणेवर कोण विश्वास ठेवील?