सेकंदाला पन्नास

आमच्या विश्रांतवाडीत विमान डोक्यावरून गेले की बोलणाऱ्याने वाक्य अर्ध्यावर सोडायचे आणि आवाज विरला की तिथूनच पुढे चालू करायचे, अशी रीतच पडली आहे. लोहगावचा विमानतळ उशाशीच. परवा असेच एक सुखोई गेले आणि नातू म्हणाला, "आजोबा, यात ती गरगर फिरणारी मिनीगन असते ना?" त्याने ती सिनेमात पाहिलेली, सहा नळ्यांची, नायकाने हातात पेललेली.

"सुखोईच्या तोफेला एकच नळी असते," मी म्हणालो. तो हिरमुसला. म्हटले, चल, हिशेबच मांडू.

मिनीगन विजेच्या मोटरवर चालते. मोटर नळ्यांचा जुडगा फिरवते. प्रत्येक नळी आपल्या पाळीला गोळी झाडते आणि पुढची पाळी येईपर्यंत जरा निवते. वेग मिनिटाला ३००० धरला तरी सेकंदाला ५०. एक काडतूस साधारण २४ ग्रॅमचे. म्हणजे सेकंदाला जवळजवळ सव्वा किलो, मिनिटाला बहात्तर किलो! बंदूक आणि बॅटरी निराळीच. १९८७ च्या 'प्रिडेटर'मध्ये नटाच्या पँटमधून विजेची वायर नेली होती, हे ऐकून स्वारी पोट धरून हसली.

मला हसू आले नाही. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. १८६९ पासूनचा तो कारखाना. पितळी काडतुसे डोळ्यांखालून घालायची, हे त्यांचे काम. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवून आधी डोळ्यांवर पाणी मारायचे.

या बंदुकीचा मूळपुरुष रिचर्ड गॅटलिंग. त्याने १८६२ मध्ये हाताने फिरवायच्या बंदुकीचे पेटंट घेतले. एक माणूस शंभरांचे काम करील, मग सैन्य लहान होईल आणि रोगराईने मरणारे वाचतील, असा त्याचा भाबडा हिशेब. पुढे त्यानेच तिला विजेची मोटर जोडून पाहिली. पण सैन्ये काही लहान झाली नाहीत.

अशा बंदुका नकोतच, असे मी म्हणणार नाही. मुंबईत बांधलेल्या आणि १९९७ मध्ये नौदलात आलेल्या 'आयएनएस दिल्ली'वर सहा नळ्यांच्या रशियन तोफा आहेत. (त्या विजेवर नव्हे, गोळीच्याच वायूवर फिरतात.) अंगावर येणाऱ्या क्षेपणास्त्राला हाताशी काही सेकंदच असतात, तिथे हा वेग हवाच. पण व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरांतून हीच मिनीगन माणसांवर चालली. पहिल्या गोळीनंतर माणसाच्या मनात 'थांबावे' असे यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात पन्नास सुटलेल्या असतात. क्षेपणास्त्रापाशी फेरविचाराचा प्रश्नच नसतो, माणसापाशी असतो. मला वाटते, मुलांना सिनेमा जरूर दाखवावा, पण हा फरकही कुणीतरी सांगावा.

नातू कागदावर आकडेमोड करीत होता. मध्येच मान वर करून म्हणाला, "पणजोबा दिवसाला किती तपासायचे?"

मी वडिलांना हे कधी विचारलेच नव्हते.