पहिल्या उड्डाणानंतर काय?

१७ डिसेंबर १९०३ ही तारीख आपण सारे पाठ करतो. त्या दिवशी अमेरिकेत किटी हॉकजवळ राइट बंधूंचे विमान उडाले, आणि पुस्तकातला धडा तेथेच संपतो. माझ्या मते खरा धडा तेथून पुढे सुरू होतो.

त्या दिवशीचे सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचे होते. विमान क्षणात नाक वर करी, क्षणात खाली खुपसे. सायकलींच्या दुकानात घडवलेले ते यंत्र उडत होते, पण चालकाच्या पुरते ताब्यात नव्हते.

१९०४ साली दोघे भाऊ नव्या विमानासह डेटन या आपल्या गावाजवळच्या कुरणात चाचण्या घेऊ लागले. नाकाची खोड जावी म्हणून त्यांनी एंजिन आणि चालकाची जागा मागे सरकवली. खोड उलट वाढली! मग ती जागा पूर्ववत करून त्यांनी पुढच्या टोकाला सुमारे ३२ किलोग्रॅम लोखंड बांधले. गुरुत्वमध्य पुढे आला आणि विमान बरेच शांत झाले. कागदी विमानाच्या नाकाला टाचणी लावून पाहा, म्हणजे हे कळेल.

जुलै १९०५ मध्ये विमान जोरात आपटले. दुरुस्ती करताना त्यांनी पुढचे आडवे सुकाणू दीडपट मोठे केले व पंखांपासून आणखी पुढे नेले. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बरने कुरणाभोवती फेऱ्या घालत ३९ मिनिटांत सुमारे ३९ किलोमीटर अंतर कापले. म्हणजे ‘उडाले’पासून ‘जमले’पर्यंत जवळजवळ दोन वर्षे लागली!

हे कशामुळे साधले? काय बदलले आणि त्याने काय झाले, हे ते प्रामाणिकपणे टिपत गेले म्हणून. फसलेला बदलही त्यांनी लपवला नाही.

आता आपली प्रयोगवही उघडा. लोलकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे उत्तर वर्गात सर्वांचेच ९.८ येते! कारण अनेकजण आधी उत्तर पाहतात आणि मग त्याला जुळतील अशी निरीक्षणे लिहितात. वहीत याने फक्त गुण मिळतात. विमानात अशी एक खोटी नोंद चालकाच्या जिवावर बेतेल. म्हणूनच आजही अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानात इतर प्रवाशांना बसवण्यापूर्वी साधारणपणे २५ किंवा ४० तासांची चाचणी-उड्डाणे करून त्यांची नोंद ठेवावी लागते.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की ९.३ उत्तर आणून ते का चुकले असावे हे लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्यावेत. आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या प्रयोगात खोडरबर बाजूला ठेवा. चुकलेले निरीक्षण खोडू नका. त्याच्यापुढे कारण शोधून लिहा.